भीमगडच्या पुनर्वसनाचा निर्णय घेणाऱ्यांस खुले पत्र: आधी पूल द्या, मग संमती मागा

प्रति,
भीमगड अभयारण्यातील गावांच्या पुनर्वसनाचा निर्णय घेणारे सर्व मंत्री, सचिव, वनाधिकारी आणि जिल्हा प्रशासन यांस,

स.न.वि.वि.

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या पोटातली गावे उठवण्याचे काम आता नुसते बोलण्यावर राहिलेले नाही. २०२५ साली तळेवाडीच्या पहिल्या कुटुंबांच्या हाती धनादेश पडले. कुटुंबामागे पंधरा लाख, तेही टप्प्याटप्प्याने. आता बाकीच्या गावांकडे बोट दाखवले जाते आहे. या सगळ्याला आपल्याकडून एकच आधार दिला जातो, तो म्हणजे लोक स्वखुशीने बाहेर पडत आहेत. तो आधार मला मान्य नाही आणि का मान्य नाही ते चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र.

माझे आजोळ याच रानपट्ट्यातले. गावाचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना उद्या दाखल्यासाठी पुन्हा त्याच टेबलासमोर उभे राहायचे आहे. नोकरीने मी मानवी हक्क आणि आंतरराष्ट्रीय विकास धोरणाच्या क्षेत्रात आहे. धरण, रस्ता, खाण किंवा अभयारण्यापायी ज्यांना गाव सोडावे लागते त्यांचे पुनर्वसन आराखडे वाचायचे, लोकांची संमती कशी घेतली ते तपासायचे, कुठे पाणी मुरते आहे ते लिहून द्यायचे, हे माझे रोजचे काम. परक्या देशांतल्या, कधी न पाहिलेल्या गावांसाठी जे प्रश्न मी दरवेळी विचारते तेच भीमगडसाठी आपल्याला विचारते आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी स्पष्ट करते. हे सीमाप्रश्नाचे पत्र नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल कधीही, कसाही लागो, अभयारण्यातल्या आमगावच्या आजारी माणसाला त्याआधी दवाखान्यात पोहोचायचे आहे. दुसरे, मी जंगलाच्या विरोधात नाही. डिसेंबर २०११ मध्ये १९० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य जाहीर झाले ते योग्यच झाले. काळी व्याघ्र प्रकल्प, गोव्याचे म्हादई अभयारण्य आणि वर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांना सांधणारे हे रान आहे. इथे वाघ आहे, गवा आहे, अस्वल आहे, आणि बारापेडेच्या गुहेत जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारे वटवाघूळ आहे. ते वटवाघूळ शास्त्रज्ञांच्या नोंदीत यायच्या आधीपासून लोक या रानात राहत आले. गावे होती, तरीही हे रान अभयारण्य करण्याच्या लायकीचे राहिले, एवढे तरी मान्य व्हावे.

आता मुख्य मुद्दा. भीमगडच्या गावांना पन्नास-साठ वर्षांत ज्या गोष्टी मिळाल्या नाहीत त्यांची यादी करा. बारमाही रस्ता, नाल्यावर पूल, भरवशाची वीज, जवळ दवाखाना, सातवीनंतरची शाळा. आणि गावकरी बाहेर पडायला तयार का झाले असे विचारले तर ते जी कारणे सांगतात त्यांची यादी करा. दोन्ही याद्या एकच आहेत. ज्याने वर्षानुवर्षे रस्ता दिला नाही, त्यानेच येऊन विचारायचे की रस्त्याविना राहता का बाहेर जाता, आणि मग मिळालेल्या उत्तराला स्वखुशी म्हणायचे, हे कुठल्याही पुनर्वसनाच्या निकषात बसत नाही. माझ्यासमोर असा आराखडा दुसऱ्या देशातून आला असता तर मी तो याच एका कारणासाठी परत पाठवला असता.

पूल नाही म्हणून लोक नाल्यावर बांबूचा साकव घालतात. तो कसा असतो ते आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे माहीत नाही, म्हणून सांगते. मे संपता संपता गावातली माणसे नाल्यावर जमतात. दोन्ही काठांवरच्या झाडांचा आधार बघून लांब वासे टाकतात, त्यावर बांबूचे तुकडे आडवे बांधत जातात आणि एका अंगाला धरायला तार ओढतात. आवळायला पूर्वी रानातली वेल असायची, आता जुनी तार किंवा नायलॉनची दोरी असते. जुलैच्या पावसात खालचे पाणी तांबडे होऊन बांबूला लागायला लागते. ओल्या बांबूवर चप्पल टिकत नाही, म्हणून चप्पल हातात घेऊन आडव्या पावलाने सरकावे लागते. पोरे शाळेला याच साकवावरून जातात, रेशनचे तांदूळ डोक्यावर घेऊन बायका याच साकवावरून येतात. एखाद्या वर्षी मोठा लोंढा आला की साकव जातो आणि गाव पाणी उतरेपर्यंत पलीकडे राहते. हे काम गावकरी स्वतःच्या अंगमेहनतीने करतात. सरकारच्या दप्तरी त्याची कुठे नोंद होत असेल असे मला वाटत नाही.

जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी बाईला भर पावसात बांबूच्या डोलीतून, खांद्यावरून रान तुडवत न्यावे लागले. त्याची चित्रफीत राज्यभर फिरली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, अधिकारी गावात पोहोचले. त्या घटनेनंतर पहिला प्रश्न पुलाचा निघायला हवा होता. जोर मिळाला तो स्थलांतराला. डोली हा गाव उठवण्याचा पुरावा झाला. माझ्या मते ती डोली पूल नसल्याचा पुरावा होती.

"अभयारण्यात रस्ता करता येत नाही, कायदा आडवा येतो," हे वाक्य आमच्या लोकांनी इतक्या वेळा ऐकले आहे की आता तेही तेच म्हणतात. म्हणून कायद्यात काय आहे ते इथे मांडते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार वनवासी गावांसाठी तेरा प्रकारच्या सुविधांना वनजमीन देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भावाचे दुकान, वीज आणि दूरध्वनीच्या तारा, पिण्याचे पाणी, आणि रस्ता. अटी दोन: प्रत्येक कामाला जमीन एक हेक्टरपेक्षा कमी लागावी व हेक्टरी पंचाहत्तरांहून जास्त झाडे पडू नयेत, आणि ग्रामसभेने शिफारस करावी. त्याच कायद्याच्या व्याख्येत वनजमीन म्हणताना अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानेही धरली आहेत. एका नाल्यावरच्या पुलाला किती झाडे तोडावी लागतील? भीमगडच्या गावांपैकी किती ग्रामसभांना या कलमाची माहिती देण्यात आली, किती ठराव घेतले गेले आणि त्यांतले किती कुठल्या टेबलावर अडले, हे आपण जाहीर करावे.

त्याच डोंगररांगेत, कणकुंबीजवळ, कळसा कालव्यासाठी डोंगर कसा पोखरला हे तालुक्यातल्या प्रत्येकाने पाहिले आहे. म्हादई नदीच्या पाणीवाटपासाठीच्या लवादाने २०१८ मध्ये कळसा आणि भांडुरा या नाल्यांतून मिळून ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मलप्रभेकडे वळवायला मुभा दिली. मलप्रभेच्या खोऱ्यातल्या तहानलेल्या गावांचे पाणी मी नाकारत नाही, त्यांचीही गरज खरी आहे. पण मोठ्या कामासाठी ज्या चिकाटीने परवानग्यांचा पाठपुरावा होतो, त्यातली थोडी तरी चिकाटी पास्तोली, गवाळी, कोंगळ्याच्या पुलासाठी दिसावी ही अपेक्षा गैर नाही. आणि याच अनुषंगाने एक कलम लोकांनी लक्षात ठेवावे असे आहे. वनहक्क कायदा सांगतो की वन्यजीवांसाठी ज्या जागेवरून हक्कदारांना हलवले ती जागा पुढे सरकारला किंवा इतर कोणाला दुसऱ्या कामासाठी वळवता येणार नाही. भीमगडमधून गावे उठली तर त्या जमिनीबाबत ही हमी आपण लेखी देणार का?

त्या हमीसाठीही आधी एका प्रश्नाचे उत्तर लागेल. आपण नेमक्या कोणत्या कायद्याखाली ही गावे हलवत आहात? भीमगड हा व्याघ्र प्रकल्प नाही. वनहक्क कायद्याचे कलम ४(२) लावायचे असेल तर ते क्षेत्र 'संकटग्रस्त वन्यजीव अधिवास' म्हणून ठरवावे लागते आणि त्यापुढे अटींची रांग आहे. सर्वांचे हक्क आधी मान्य झालेले हवेत. गावांमुळे वन्यजीवांची भरून न येणारी हानी होते हे सिद्ध झालेले हवे. एकत्र राहण्याचा दुसरा मार्ग उरला नाही असा निष्कर्ष निघालेला हवा. उपजीविकेची हमी देणारे पॅकेज तयार हवे, ग्रामसभेची माहितीपूर्वक, मोकळी आणि लेखी संमती हवी. आणि नव्या जागी जमीन व सोयी पूर्ण झाल्याशिवाय एकाही घराला हलवता येत नाही. आपण म्हणाल, आम्ही हे कलम लावलेच नाही, लोक आपणहून जात आहेत. ठीक आहे. मग कलम ४(५) तर आहेच. हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही त्याच्या वनजमिनीवरून काढता येत नाही. आणि जे गाव कायद्याने उठवलेले नाही त्याला शाळा, रस्ता, वीज यांपासून दूर ठेवायला कोणता आधार उरतो?

हक्कांचे दावे हा या सगळ्यातला सगळ्यात दुखरा भाग. आमच्याकडचे बहुतेक लोक कायद्याच्या भाषेत 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तिथे राहत असल्याचे दाखवावे लागते. कचेरीतून पहिली मागणी होते ती जुन्या कागदाची. कुमरी, म्हणजे रानात जागा बदलत करायची शेती, करणाऱ्याच्या, म्हशी घेऊन रानातून फिरणाऱ्या धनगर गवळ्याच्या घरात १९३० सालचा कागद कुठून सापडणार? नियमांना हे माहीत आहे. म्हणून नियम १३ मध्ये गावातल्या वयस्कर माणसांची लेखी जबानी, जुन्या घरांचे चौथरे, विहिरी, स्मशाने, देवस्थाने हेही पुरावे मानले आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने तर दावा फेटाळताना कारण लेखी देणे, ते दावेदाराला कळवणे आणि अपिलाची संधी देणे बंधनकारक केले. गावची देवराई, तिच्यातले जुने दगडी देव, वापरात नसलेल्या विहिरीचा काठ, एवढा पुरावा रानात उघड्यावर पडलेला आहे. तो बघायला कोणी तरी चालत गेले पाहिजे.

दावा निकाली लागला नसताना पॅकेज घेतले की काय होते, हे लोकांना नीट सांगितलेच जात नाही. ज्याच्या नावावर हक्क मान्य झाला आहे तो जमिनीचा मालक म्हणून बोलणी करतो, दर मागू शकतो. ज्याचा दावा लोंबकळत आहे तो अतिक्रमण करणारा म्हणून बोलणी करतो आणि देतील ते घेतो. सामूहिक वनहक्क तर हिशोबातच नाहीत. शिकेकाई, मध, भिरंड (कोकम), फणस, गुरांचा चारा, जळण, नाचणीपुरती वरकस जागा, या सगळ्याला पंधरा लाखांत किती रुपये धरले आहेत?

आता कागदांबद्दल. एका गावात मला एक संमतीपत्र दाखवण्यात आले. कार्यालयाचे नाव घेत नाही. छापील मजकूर सगळा कन्नडमध्ये. खाली नावांसमोर अंगठे, एकाच निळ्या शाईचे, एकाच तारखेचे. रकमेच्या जागी आकडा हाताने भरलेला. ज्या वयस्कर बाईने तो कागद मला दिला, ती रोज संध्याकाळी पोथी वाचते, मराठी अक्षर तिला चांगले लागते. तिने सही केली नव्हती, अंगठा दिला होता. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "वाचता येईना त्यावर सही कशी करू बाय? अंगठा द्या म्हणाले, दिला." कागदाची प्रत तिच्याकडे राहिली ती सुद्धा मुलाने फोनवर फोटो काढून घेतला म्हणून.

कन्नड ही राज्याची भाषा आहे, तिचा मान आहे आणि मला ती येते. पण ज्या कागदाने माणसाचे घर, शेत आणि स्मशान कायमचे सुटणार आहे तो त्याला वाचता आला पाहिजे, ही मागणी कुठल्याही भाषेच्या विरोधात नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर ठरलेली संरक्षणे सांगतात की जिल्ह्यात किंवा तालुक्यात ज्या भाषेचे लोक पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत तिच्यात महत्त्वाचे नियम आणि सूचना प्रसिद्ध व्हाव्यात. खानापूर तालुक्यात मराठी बोलणारे किती, हे आपल्याला सांगायची गरज नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येते. भारताने १० एप्रिल १९७९ रोजी नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा असे दोन्ही आंतरराष्ट्रीय करार स्वीकारले. पहिल्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या भाषेचे संरक्षण आहे, दुसऱ्यात निवाऱ्याचे. विकासकामांसाठी होणाऱ्या विस्थापनाबाबत संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. निवाऱ्याच्या हक्कासाठी नेमलेले विशेष प्रतिवेदक मिलून कोठारी यांनी ती मांडली. त्यांत स्पष्ट आहे की निर्णय स्थानिक भाषेत, लेखी आणि पुरेसा आधी कळवायचा. आणि जिथे जमीन जाते तिथे नुसती रोकड जमिनीची जागा घेऊ शकत नाही, जमिनीला जमीनच द्यायची.

रोकड का चालत नाही यासाठी जिनिव्हाला जायला नको. खानापूरच्या आसपास गुंठ्याचा भाव काय चालला आहे ते विचारून बघा. पंधरा लाखांत जागा घेतली तर घर होत नाही, घर बांधले तर शेत होत नाही. भात, नाचणी आणि दुभते यांवर जगणारे कुटुंब गावाबाहेर आले की पहिल्या महिन्यापासून तांदूळ, दूध, जळण, पाणी सगळे विकत. मग गोव्याच्या हॉटेलात भांडी घासायला किंवा बांधकामावर जाणे. आमच्या रानातली पोरे आताच गोव्याला जातात, पण सणाला परतायला त्यांना घर आहे.

आणि हेही दूरचे उदाहरण नाही की जमीन देऊन चांगले पुनर्वसन होऊ शकते. याच राज्याने ते केले आहे. चिक्कमगळूरु जिल्ह्यातल्या भद्रा अभयारण्यातली गावे वीसएक वर्षांपूर्वी हलवली तेव्हा कुटुंबांना शेतजमीन देण्यात आली, एम. सी. हळ्ळीसारख्या ठिकाणी नवी वस्ती उभी केली गेली. देशातल्या वन्यजीव क्षेत्रात आजही त्या पुनर्वसनाचे नाव चांगल्या अर्थाने घेतले जाते. तिथे सगळे सुरळीत झाले असे मी म्हणत नाही. पण जे भद्राच्या शेतकऱ्याला देता आले ते भीमगडच्या शेतकऱ्याला का देता येत नाही, याचे उत्तर मिळायला हवे. उलट बाजूचे उदाहरणही याच राज्यातले. नागरहोळच्या आदिवासींनी १९९८ साली जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली होती, कारण त्यांच्या रानातल्या पर्यावरण प्रकल्पाच्या आखणीत त्यांना विचारलेच नव्हते. चौकशी व्हावी असे मंडळाला वाटले, बँकेच्या संचालकांनी ती होऊ दिली नाही. इतकी वर्षे लोटली, तरी नागरहोळच्या आदिवासींचा वनहक्कांचा झगडा थांबलेला नाही.

ते तपासणी मंडळ जन्माला आले तेही नर्मदेमुळे. सरदार सरोवराची पाहणी करायला बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये सांगितले की पुनर्वसनाची तयारीच झालेली नाही. पुढच्या वर्षी बँकेचे उरलेले कर्ज थांबले आणि विस्थापितांना थेट दाद मागता यावी म्हणून ते मंडळ उभे राहिले. त्या धरणाने महाराष्ट्रातली तेहतीस गावे बाधित झाली, सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. आज जगभर आमच्यासारखे लोक जे निकष लावतात त्यांच्यामागे सातपुड्यातल्या त्या माणसांची वर्षे गेली आहेत. कोयनेच्या विस्थापितांची नातवंडे अजून जमिनीचे कागद घेऊन फिरतात. हिडकल धरणाची आठवण आपल्या जिल्ह्याला आहेच. एवढे होऊनही आपण धनादेशापाशीच थांबणार असलो तर अवघड आहे.

बायकांचे वेगळे सांगितले पाहिजे, कारण त्यांना कोणी वेगळे विचारत नाही. वनहक्काचा दाखला कायद्याने नवरा-बायको दोघांच्या नावावर निघतो, तो विकता येत नाही. धनादेश मात्र एका खात्यावर जमा होतो आणि खर्चही होतो. जमीन दोघांची आणि रोकड एकट्याची, असा हा बदल आहे. विधवा, टाकलेली बाई, वयात आलेली अविवाहित मुलगी, यांना स्वतंत्र कुटुंब धरले आहे का? माहेरी राहणाऱ्या बाईचे नाव यादीत कोण घालणार? या प्रश्नांची तोंडी उत्तरे मला वेगवेगळ्या माणसांकडून वेगवेगळी मिळाली. लेखी एकही मिळाले नाही.

काही कुटुंबांना खरोखरच जायचे आहे, हे मी लपवत नाही. तरुण मुलांना रानात राहायचे नाही. मुलीला शाळेसाठी नातेवाइकांकडे ठेवून आयांनी वर्षे काढली आहेत. गवे भात खातात, अस्वलाने माणसे फाडली आहेत. या लोकांनी बाहेर पडायचे ठरवले तर त्यांना अडवायचा अधिकार मला नाही, कोणत्याही संघटनेला नाही. मी त्यांना राहा म्हणायला हे लिहीत नाही. त्यांनी जाताना हक्काने जावे, पूर्ण मोबदला घेऊन जावे, आणि शेजारच्या घराला राहायचे असेल तर पहिले घर गेले म्हणून दुसऱ्याची वीज, शिक्षक आणि रेशन तोडले जाऊ नये, एवढेच म्हणते. गाव अर्धे उठले की उरलेल्या अर्ध्यावर जो दबाव येतो तो कोणत्याही नोटिशीपेक्षा मोठा असतो. शाळेचा पट कमी झाला की शिक्षक जातो. शिक्षक गेला की आणखी दोन घरे जातात. मग पुढच्या अहवालात लिहिले जाते की संपूर्ण गावाने संमती दिली.

यासाठी माझ्या मागण्या अशा आहेत.

भीमगडमधल्या प्रत्येक गावाचे वैयक्तिक आणि सामूहिक वनहक्काचे सर्व दावे निकाली निघेपर्यंत स्थलांतराचा पुढचा टप्पा थांबवावा. जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांनी गावनिहाय यादी प्रसिद्ध करावी: किती दावे आले, किती मान्य, किती फेटाळले आणि कोणत्या कारणाने.

आतापर्यंत घेतलेली सर्व संमतीपत्रे, पॅकेजचा शासन आदेश, जागांचे नकाशे आणि हप्त्यांच्या अटी मराठी आणि कन्नड दोन्हींत छापून प्रत्येक घरात द्याव्यात. ग्रामसभेत त्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात. वाचन आणि सही एकाच दिवशी होऊ नये. ज्यांनी न वाचता अंगठे दिले त्यांना फेरविचाराची मुदत असावी आणि नकार दिल्यास त्याची नोंद त्याच रजिस्टरात व्हावी.

रोख रकमेबरोबर शेतजमिनीचा पर्याय प्रत्येक कुटुंबापुढे ठेवावा. ती जागा कुठे आहे, पाणी किती आहे, शाळा मराठी माध्यमाची आहे का, धनगर गवळ्यांच्या गुरांना चरायला रान आहे का, हे लोकांना नेऊन दाखवावे, बायकांसह. घर, पाणी आणि शाळा तयार झाल्याशिवाय कोणाला हलवू नये. जमीन, घर आणि खाते नवरा-बायको दोघांच्या नावावर करावे. विधवा आणि एकट्या बायकांना स्वतंत्र कुटुंब धरावे.

जी कुटुंबे बाहेर पडली आहेत त्यांचे काय झाले, याची पाहणी सरकारी खात्याबाहेरच्या माणसांकडून करून घ्यावी आणि ती सगळ्यांसमोर ठेवावी. तळेवाडीच्या लोकांचे पैसे किती उरले, ते कुठे राहतात, मुले शाळेत जातात का, हे कळल्याशिवाय पुढच्या गावाला तोच आराखडा देऊ नये.

आणि पूल. लोक जाणार असोत किंवा राहणार असोत, पूल हवा. पुनर्वसन उद्या ठरले तरी ते पुरे व्हायला पावसाळे जातील, आणि त्या पावसाळ्यांत माणसे आजारी पडणार आहेत, बाळंत होणार आहेत. ज्या नाल्यांवर दरवर्षी साकव घालावे लागतात त्यांची यादी गावकऱ्यांना तोंडपाठ आहे. त्या प्रत्येक ठिकाणी, कलम ३(२) खाली ग्रामसभेचा ठराव घेऊन, निदान रुग्णाला उचलून नेता येईल एवढा लोखंडी पादचारी पूल पुढच्या पावसाळ्याआधी उभा राहावा. तोपर्यंत पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी रानातल्या गावांच्या टप्प्यात एक परिचारिका आणि औषधांचा साठा कायम ठेवावा. गरोदर बायकांची नावे मे महिन्यातच नोंदवून त्यांची खानापुरात राहण्याची सोय सरकारी खर्चाने करावी. पूल सोडला तर यातल्या कुठल्याही गोष्टीला वनखात्याची परवानगी लागत नाही म्हणून त्या तरी लगेच सुरू करता येतील, पुलाचा प्रस्ताव मंजूर व्हायची वाट न पाहता.

या पत्राची कन्नड प्रत सोबत जोडली आहे. उत्तर मला देऊ नये. ते गावांत जाऊन, ग्रामसभेत, लोकांना समजेल अशा भाषेत द्यावे, त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी आणि इतिवृत्ताची प्रत गावाकडे ठेवावी.

आपली,
खानापूर तालुक्यातील एक नागरिक
जि. बेळगाव